प्रकल्प नोंदी : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या कागदपत्रांचा ऑनलाइन शोध

६ जानेवारी २०२५

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावरील माहितीफलकांचे काम आजपासून हाती घेतले. हे फलक कल्याणमधील एका वाचनालयाच्या दालनात ३१ मार्च रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, लावायचे आहेत. मजकूर नव्याने लिहायचा की जुनाच थोडा सुधारून वापरायचा, यावर आजच्या बैठकीत बराच खल झाला. शेवटी असे ठरले की मजकुरातील प्रत्येक विधान मूळ कागदापर्यंत नेऊन तपासायचे आणि जे कागद संगणकावर पाहता येतात तिथून सुरुवात करायची. आनंदीबाई जिथे वैद्यक शिकल्या त्या अमेरिकेतील फिलाडेल्फियाला जाणे आमच्यापैकी कोणालाही शक्य नाही. परंतु तिथले बरेचसे कागद आता घरबसल्या वाचता येतात, ही सोय आमच्या आधीच्या अभ्यासकांना नव्हती.

तपासणीसाठी एक तक्ता केला आहे. प्रत्येक विधानासमोर तीन रकाने आहेत: विधानाचा सर्वांत जुना लेखी आधार कोणता, तो घटनेनंतर किती काळाने लिहिला गेला, आणि लिहिणाऱ्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत होती की ऐकून. आनंदीबाईंविषयीची तीच ती वाक्ये असंख्य पानांवर आढळतात, विशेषतः २०१८ च्या ३१ मार्चला गूगलने त्यांच्यावर डूडल केल्यापासून. अशी सगळी पाने मिळून तक्त्यात एकच आधार धरायचा आणि तोही मूळ सापडेपर्यंत कच्चाच ठेवायचा, हा नियम आजच लिहून ठेवला.

९ जानेवारी

पहिला प्रश्न साधा होता. आनंदीबाई ज्या महाविद्यालयात शिकल्या त्याचे दप्तर आज कोणाकडे आहे? महाविद्यालयाच्या मूळ नावाने शोधल्यास चरित्रात्मक लेखच पुढे येतात, संग्रह येत नाही. त्यामुळे आधी संस्थेचीच वंशावळ मांडावी लागली. १८५० मध्ये फिलाडेल्फियात ‘फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ स्थापन झाले, १८६७ मध्ये ते ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ झाले, १९७० मध्ये पुरुष विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू लागल्यावर नावातील ‘वुमन्स’ गळाले, पुढे १९९० च्या दशकात हानेमन या दुसऱ्या वैद्यकीय संस्थेशी त्याचे विलीनीकरण झाले आणि २००२ मध्ये हा सगळा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आला. म्हणून आनंदीबाईंची कागदपत्रे आज ड्रेक्सेलच्या ‘लेगसी सेंटर’ या संग्रहात आहेत. आनंदीबाईंच्या हयातीत ड्रेक्सेल ही संस्था अस्तित्वातच नव्हती. व्यक्तीचा शोध घेताना आधी संस्थेचा वारस शोधावा लागतो, ही गोष्ट पुढच्या व्यक्तींसाठीही उपयोगी पडेल.

दुसरी अडचण नावाची. अमेरिकेत त्यांचे आडनाव शेवटी दोन ‘ई’ घालून लिहिले जाई आणि तिथल्या सूचींनी तेच रूप कायम ठेवले आहे. नावही कुठे आनंदीबाई, कुठे आनंदाबाई, कुठे ‘आनंदा’ व ‘बाई’ असे तोडून लिहिलेले आढळते, तर कुठे केवळ ‘मिसेस जोशी’. आज रूढ असलेल्या रोमन लिपीतील ‘जोशी’ या रूपाने शोधले असता अलीकडचे लेखन मिळते आणि एकोणिसाव्या शतकातील कागद बाजूला राहतात. गावांच्या नावांचेही तेच: पुणे, कोल्हापूर, सेरामपूर या तिन्ही नावांची त्या काळची रोमन रूपे वेगळी आहेत. सर्व रूपांची एक यादी करून ती तक्त्याच्या पहिल्याच पानावर लावली आहे, म्हणजे शोध कोणीही घेतला तरी तीच रूपे वापरली जातील.

जाता जाता एक गंमत. शुक्र ग्रहावरील विवरांना स्त्रियांची नावे देण्याची आंतरराष्ट्रीय प्रथा आहे आणि त्यांतील एका विवराला आनंदीबाईंचे आडनाव दिलेले आहे. तेही अमेरिकी लेखनपद्धतीनेच. ग्रहांच्या अधिकृत नामसूचीत आजच्या रूपाने शोधणाऱ्याला ते मिळणार नाही.

१४ जानेवारी

आज आनंदीबाईंचे प्रवेशासाठीचे पत्र वाचले. ते २८ जून १८८३ चे असून महाविद्यालयाच्या कार्यकारी मंडळाचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांना उद्देशून लिहिलेले आहे. त्या त्याच महिन्यात अमेरिकेत पोहोचल्या होत्या आणि न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या होत्या. वय अठरा. पत्रात त्या म्हणतात की आप्तेष्ट आणि जातीचा एकवटलेला विरोध असतानाही ज्या निर्धाराने मी इथवर आले, तोच निर्धार हेतू तडीस नेण्यास पुष्कळ उपयोगी पडेल. आणि हेतू असा की पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत मिळावी.

या पत्रातील मानवतेच्या हाकेविषयीचे वाक्य आज सगळीकडे उद्धृत होते, मात्र बहुतेक ठिकाणी ते एखाद्या जाहीर भाषणातले असल्यासारखे वाचायला मिळते. मूळ कागद समोर ठेवला की त्याचा बाज बदलतो. हा प्रवेशअर्ज आहे. अर्जदार स्वतःच्या पात्रतेतील उणिवा जाणते, महाविद्यालयाच्या नेहमीच्या अटी आपल्याला पूर्णपणे लागू पडणार नाहीत हेही तिला ठाऊक आहे, आणि तरीही आपल्याला का घ्यावे याचा युक्तिवाद ती करते आहे. विनंतीचा सूर असूनही लाचारी नाही. फलकावर केवळ ते एक वाक्य न देता पत्राचा हा भाग सलग द्यावा, असे माझे मत मी मांडले आणि ते मान्य झाले.

तांत्रिक बाजूही नोंदवून ठेवतो. छापील मजकूर वाचणारी ओसीआर प्रणाली जुन्या हस्ताक्षरापुढे सहसा हात टेकते. त्यामुळे पत्रातील एखादा शब्द शोधचौकटीत टाकून पत्र मिळेलच असे नाही; बहुतेक वेळा शोध लागतो तो पत्राला जोडलेल्या नोंदपत्रात, म्हणजे संग्रहपालाने लिहिलेल्या शीर्षकात, दिनांकात, व्यक्तींच्या नावांत आणि विषयांत. पत्रात कितीही मोलाची गोष्ट असो, संग्रहपालाला ती नोंदवावीशी वाटली नसेल तर शोधचौकटीला ती दिसत नाही. म्हणून हस्तलिखितांच्या बाबतीत शोधावर विसंबायचे नाही. पेटी आणि फोल्डरची संपूर्ण यादी उघडून एकेक कागद ओळीने पाहायचा. हे काम कंटाळवाणे आहे खरे, परंतु पुराभिलेखागारात प्रत्यक्ष बसून रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची कापडी गाठोडी, सोडणारे अभ्यासक दुसरे काय करतात?

आनंदीबाईंचा पदवीचा प्रबंधही याच संग्रहात आहे. त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा आहे आणि तोही त्यांच्या हस्ताक्षरातच आहे. तो अद्याप पूर्ण वाचून झालेला नाही. वैद्यक शिकलेल्या एका सभासद ताईंनी तो वाचून टिपण करून देण्याचे कबूल केले आहे.

२० जानेवारी

आजचा दिवस एका छायाचित्रावर गेला. तीन स्त्रिया आपापल्या देशांच्या पोशाखात: साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबत इस्लामबुली. हे छायाचित्र समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी फिरते आणि त्याखाली ठरलेला मजकूर असतो की या आपापल्या देशांतील पहिल्या स्त्री डॉक्टर असून हा त्यांच्या पदवीदानाच्या वेळचा फोटो आहे.

संग्रहातील नोंदीनुसार छायाचित्राचा दिनांक १० ऑक्टोबर १८८५ असून प्रसंग अधिष्ठात्यांनी दिलेल्या स्वागतसमारंभाचा आहे. आता पदव्यांची वर्षे पाहावीत. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी, ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसल्या त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. तिघी विद्यार्थिनी होत्या. ओकामींविषयीचा दावाही जपून करायला हवा, कारण जपानमध्ये ओगिनो गिन्को यांना १८८५ मध्येच वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळालेला होता. ओकामी परदेशात जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या जपानी स्त्री, असे म्हणता येते.

छायाचित्राखालील जुन्या मजकुरात इस्लामबुलींचे नाव ‘तबत’ असे पडले आहे आणि आनंदीबाईंच्या गावाचे नाव, म्हणजे सेरामपूर, ओळखूही येणार नाही इतके बिघडले आहे. कोणाच्या तरी हस्ताक्षरातील अक्षरे दुसऱ्या कोणी तरी चुकीची लावल्यावर जसे व्हावे तसे ते दिसते. ही बिघडलेली रूपे पुढे पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर जशीच्या तशी उतरली. शोध घेणाऱ्याला मात्र त्यांचा एक फायदा होतो. एखाद्या लेखात ‘तबत’ असे रूप दिसले की त्या लेखकाने माहिती या मथळ्यावरूनच उचललेली आहे, हे कळते आणि तक्त्यातील स्वतंत्र आधारांतून तो लेख वगळता येतो.

आनंदीबाईंचे गाव म्हणून सेरामपूर का लिहिले गेले, असा प्रश्न एका तरुण सभासदाने विचारला. आनंदीबाईंचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते आणि त्यांच्या बदल्या होत गेल्या. अमेरिकेला निघण्यापूर्वी या दांपत्याचा मुक्काम बंगालमध्ये सेरामपूर येथे होता. महाविद्यालयाच्या दृष्टीने विद्यार्थिनी जिथून आली ते तिचे गाव. कल्याण त्या कागदावर नाही, याचे आमच्या वाचनालयात थोडे वाईट वाटले. पण फलकावर आहे तेच छापले जाईल.

२२ जानेवारी

काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या मराठी चरित्राची १९१२ ची आवृत्ती शोधत होतो. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या योजनेत स्कॅन झालेली हजारो मराठी पुस्तके आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आहेत, पण त्यांची शीर्षके एका विचित्र रोमन लेखनात नोंदलेली असतात: दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा, मध्येच अपॉस्ट्रॉफी, शब्द कुठेही तोडलेले. देवनागरीत शोधले तर ती समोर येत नाहीत आणि नेहमीच्या इंग्रजी लेखनानेही येत नाहीत. ‘चरित्र’ हा एकच शब्द त्या पद्धतीने लिहून शोधणे आणि मग यादीतून डोळ्यांनी निवडणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.

आणखी एक उपरोधिक गोष्ट. ‘हाथीट्रस्ट’ या अमेरिकी विद्यापीठांच्या सामायिक संग्रहात, स्वामित्वहक्काच्या सावधगिरीमुळे, अमेरिकेबाहेर छापलेली काही जुनी पुस्तके फक्त अमेरिकेतील वाचकालाच पूर्ण उघडतात. मुंबई-पुण्यात छापलेले शंभर वर्षांपूर्वीचे मराठी पुस्तक बॉस्टनमधील माणसाला वाचता येते आणि डोंबिवलीतील माणसाला येत नाही, असे त्यामुळे घडू शकते.

२९ जानेवारी

आनंदीबाईंच्या निधनानंतरच्या वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलाइन हीली डॉल यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र बॉस्टनहून प्रसिद्ध झाले. ते ऑनलाइन संपूर्ण उपलब्ध आहे आणि त्याचा ओसीआर पाठही चांगला आहे. इंग्रजीत फिरणाऱ्या बहुतेक माहितीचे मूळ हेच पुस्तक आहे, असे तक्ता भरताना वारंवार लक्षात येते. एका पानावरून दुसऱ्यावर जात राहिले की शेवटी डॉल यांच्यापाशी येऊन थांबावे लागते.

म्हणून डॉल यांचे पुस्तक आधार म्हणून कसे वापरायचे हे ठरवणे भाग पडले. त्यात दोन प्रकारचा मजकूर आहे. एक, आनंदीबाईंची स्वतःची पत्रे आणि भाषणे, जी डॉल यांनी उद्धृत केली आहेत. दुसरा, डॉल यांचे निवेदन. निवेदनात हिंदू चालीरीतींविषयीचे बरेच काही दुरून पाहिलेले आहे, आणि पुस्तकाच्या नावातच आनंदीबाईंची ओळख पंडिता रमाबाईंच्या नातलग म्हणून करून दिलेली आहे, कारण अमेरिकी वाचकांना तोवर रमाबाईंचे नाव परिचित झाले होते. तक्त्यात या दोन प्रकारांना वेगवेगळे रंग दिले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जात आहोत याविषयी भाषण केले. त्याचा पाठ या पुस्तकात आहे. लोकांनी विचारलेले प्रश्न एकेक करून घ्यायचे आणि त्यांना उत्तर द्यायचे, अशी त्याची रचना आहे. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू, असे त्या त्यात सांगतात. हे वाक्य उचलताना ‘डॉल यांच्या पुस्तकातील पाठानुसार’ असे शब्द सोबत ठेवायचे.

काशीबाईंचे चरित्र वाचताना मात्र निराळीच बाई समोर येते. मराठीत लिहिणाऱ्या, त्याच समाजात वावरलेल्या, स्वतः लपूनछपून वाचायला शिकलेल्या लेखिकेने लिहिलेले ते चरित्र आहे, आणि गोपाळरावांच्या लहरी स्वभावाची, शिकवण्याच्या हट्टापायी त्यांनी केलेल्या जाचाची बाजू त्यात अधिक जवळून दिसते. नऊ वर्षांच्या यमुनेचे (हे आनंदीबाईंचे माहेरचे नाव) वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी झालेले लग्न, चौदाव्या वर्षी झालेले आणि दहा दिवसांतच गेलेले मूल, या गोष्टी दोन्ही परंपरांत येतात, परंतु त्यांचे वजन सारखे नाही. शोधचौकटीत इंग्रजी पुस्तकाचा प्रत्येक शब्द सापडतो आणि मराठी पुस्तक जुन्या ठशाच्या जोडाक्षरांमुळे यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून जगभरच्या लेखांत डॉल उद्धृत होतात आणि काशीबाई क्वचितच. फलकांच्या मजकुरात काशीबाईंना निदान बरोबरीची जागा द्यावी, असे मी आग्रहाने लिहून ठेवतो. त्यासाठी लागणारी पाने दोघांनी वाटून घेऊन हाताने टंकलिखित करायची आहेत.

४ फेब्रुवारी

‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकाचा माग काढला. गोपाळरावांनी १८७८ मध्ये पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत मदत मिळावी म्हणून रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. वाइल्डर हे कोल्हापुरात दीर्घकाळ काम करून अमेरिकेत परतलेले मिशनरी होते आणि त्याच वर्षी त्यांनी प्रिन्स्टनहून हे नियतकालिक सुरू केले होते. त्यांनी हा पत्रव्यवहार छापला, धर्मांतराची अपेक्षाही सूचित केली, आणि पुढे तोच अंक दंतवैद्याकडे थांबलेल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती पडला. १८८० पासून त्यांची आनंदीबाईंशी पत्रमैत्री सुरू झाली.

१८८८ पासून नियतकालिकाचे नाव थोडे लांबले. त्यामुळे काही सूचींत सुरुवातीचे खंड नंतरच्या नावाखाली गेलेले असतात. खंडाचे नाव सोडून वर्षानुसार शोधावे.

११ फेब्रुवारी

अमेरिकेतील कौटुंबिक इतिहासाचे मोठमोठे डेटाबेस आहेत आणि तिथे शिरगणतीच्या नोंदी सहज मिळतात, म्हणून आनंदीबाईही मिळतील अशी एका सभासदाची अपेक्षा होती. ती का फळणार नाही हे आज मांडून दाखवले. अमेरिकेची संघीय शिरगणती दर दहा वर्षांनी होते. १८८० मध्ये आनंदीबाई तिथे पोहोचलेल्या नव्हत्या. १८९० पर्यंत त्या हयात नव्हत्या, आणि त्या वर्षीचे बहुतेक सर्व कागद १९२१ च्या वॉशिंग्टनमधील आगीनंतर नष्ट झाले. न्यू जर्सी राज्याची स्वतःची शिरगणती १८८५ मध्ये झाली, पण तेव्हा त्या शिक्षणासाठी पेनसिल्व्हेनियात होत्या, जिथे राज्याची वेगळी शिरगणती होत नसे. दोन गणनांच्या फटीत राहून गेलेली व्यक्ती ती हीच. डेटाबेसने ‘काही आढळले नाही’ असे उत्तर दिले की त्याचा अर्थ लावण्यापूर्वी हे गणित करणे आवश्यक आहे.

प्रवाशांच्या याद्यांचेही असेच. न्यूयॉर्कचे एलिस बेटावरील स्थलांतरितांचे केंद्र सुरू झाले १ जानेवारी १८९२ रोजी; त्यामुळे त्या बेटाच्या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये १८८३ चा प्रवासी शोधण्यात अर्थ नाही. त्या काळी न्यूयॉर्कचे स्थलांतरितांचे केंद्र कॅसल गार्डन हे होते. न्यूयॉर्क बंदरात आलेल्या जहाजांच्या प्रवासी याद्या जतन झालेल्या आहेत, मात्र त्या जहाजावरील माणसांनी कानावर पडतील तशी नावे लिहून केलेल्या आहेत. तिथे आडनावावर भर न देता महिना, वय, स्त्री आणि ‘भारत’ किंवा ‘ईस्ट इंडिया’ असे घटक एकत्र करून पाहावे.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा विनामूल्य संग्रह उपयोगी आहे. त्यात दोन शब्द एकमेकांपासून पाच, दहा किंवा पन्नास शब्दांच्या आत असलेली पाने शोधता येतात. ‘ब्राह्मिन’ आणि ‘मेडिकल’ असे शब्द १८८३ ते १८८७ या मर्यादेत दहा शब्दांच्या अंतराने शोधावेत, कारण बातमीदार कित्येकदा नाव न देता ‘हिंदू बाई’ किंवा ‘उच्चवर्णीय ब्राह्मण स्त्री’ एवढाच उल्लेख करत. एकाच बातमीचे पुनर्मुद्रण अनेक गावांच्या पत्रांत होत असे. तक्त्यात ती एकदाच धरायची.

१७ फेब्रुवारी

आज तक्ता पहिल्यांदा काळानुसार लावून पाहिला आणि त्याचा आकार पाहून सगळेच थोडे गप्प झाले. जेमतेम बावीस वर्षांच्या आयुष्यातील अमेरिकेची तीन-सव्वातीन वर्षे तक्त्याचा बहुतेक भाग व्यापतात. कल्याणचे बालपण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, बंगाल या मुक्कामांच्या ओळी मोजक्या आहेत. नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईत परतल्यापासून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने निधन होईपर्यंतचे महिनेही तुटकच आहेत.

हे आयुष्याचे प्रमाण नव्हे, जपणुकीचे आहे. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाने विद्यार्थिनींचे अर्ज, पत्रे, प्रबंध आणि छायाचित्रे दीडशे वर्षे सांभाळली, संस्था बदलल्या तरी पेट्या टाकून दिल्या नाहीत, आणि पुढे स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या केल्या. आपल्याकडील बाजू सरकारी दप्तर, संस्थानी दप्तर आणि खासगी घरे यांत विखुरलेली आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर ब्रिटिश राजवटीतील खात्यांच्या फायलींची सूची पाहता येते, परंतु टपाल खात्यातील एका कारकुनाच्या घरातील घडामोडी त्या फायलींच्या शीर्षकांत कशा येणार? सरकार देशी वृत्तपत्रांचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला काढत असे. तेही उपयोगाचे आहेत, फक्त ते सरकारी अनुवादकाने निवडलेले सारांश आहेत, हे विसरायचे नाही. त्यांत उल्लेख नाही म्हणजे मराठी पत्रांत बातमी नव्हती असे ठरत नाही.

कोल्हापूरचा धागा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागावर नेमणूक केली होती. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. नेमणूक आहे म्हणजे ठराव, पगार आणि पत्रव्यवहार यांची नोंद संस्थानी दप्तरात असावयास हवी. हे दप्तर राज्याच्या पुराभिलेख विभागाच्या कोल्हापूर कार्यालयात प्रत्यक्ष जाऊनच पाहावे लागेल. तोवर फलकांच्या संख्येत बदल करावा, असा प्रस्ताव मी मांडला. अमेरिकेला आधी ठरल्यापेक्षा एक फलक कमी आणि लग्नापासून निघण्यापर्यंतच्या काळाला एक जास्त, मग त्यावर छायाचित्र नसले तरी चालेल. मोकळ्या चौकटीचे फलक लोक वाचत नाहीत, असा आक्षेप कार्यवाहांनी घेतला. तो खोटा नाही. काशीबाईंच्या चरित्रातील उतारा मोठ्या अक्षरांत लावण्यावर तडजोड झाली.

जन्मस्थळ काही ठिकाणी कल्याण आणि काही ठिकाणी पुणे असे मिळते. वाचनालय कल्याणचे असल्यामुळे हा विषय नाजूक आहे. फलकावर दोन्ही उल्लेख, प्रत्येकाच्या आधारासह, दिले जातील.

२४ फेब्रुवारी

‘भारतातील पहिल्या स्त्री डॉक्टर’ हे शब्द शीर्षकात ठेवायचे की नाहीत यावर चर्चा. १८८६ हेच वर्ष कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून कादंबिनी गांगुली यांनी वैद्यकीय पात्रता मिळवल्याचेही आहे, आणि कादंबिनींनी पुढे अनेक वर्षे प्रत्यक्ष व्यवसाय केला. बंगाली संकेतस्थळे ‘पहिली’ हे विशेषण त्यांना देतात, मराठी आनंदीबाईंना. दोन्हीकडचे लेख वाचल्यावर असे दिसते की वाद पुराव्याचा कमी आणि व्याख्येचा जास्त आहे. आम्ही ‘अमेरिकेत पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री’ असे लिहायचे ठरवले आणि कादंबिनींचा उल्लेख त्याच फलकावर करायचे ठरवले. एका ज्येष्ठ सभासदांना हे पटले नाही. त्यांचे मत इतिवृत्तात नोंदले आहे.

न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील स्मशानभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंच्या अस्थींवर उभारलेली शिळा आहे. स्मशानांच्या ऑनलाइन नोंदींत तिचे छायाचित्र पाहता येते. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असे त्या शिळेवर कोरलेले आहे. पहिली डॉक्टर असे नाही. ज्यांनी त्यांना घरात ठेवून घेतले त्यांना समुद्र ओलांडणे हीच मोठी गोष्ट वाटली होती, आणि ती गोष्ट त्यांनी जातीच्या भाषेत सांगितली.

त्याच महाविद्यालयाच्या पदवीधरांत भारताशी जोडलेली नावे पाहताना गुरुबाई करमरकर यांचे नाव पुढे आले. त्या १८९२ च्या पदवीधर. परत येऊन त्यांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. मराठी वाचकांना हे नाव जवळपास ठाऊक नाही. त्यांच्यासाठी वेगळा तक्ता उघडला आहे, कारण मिशनचे छापील वार्षिक अहवाल ऑनलाइन वाचता येतात आणि त्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांचे उल्लेख नावानिशी मिळण्याची शक्यता पुष्कळ आहे.

३ मार्च

मजकूर मांडणीकाराकडे देण्यापूर्वीची शेवटची तपासणी सुरू आहे. प्रत्येक ऑनलाइन कागदासाठी संग्रहाचे नाव, नोंदक्रमांक, स्थायी दुवा, पाहिल्याचा दिनांक आणि वापराच्या अटी अशी माहिती भरली. ब्राउझरच्या पट्टीतील शोधाचा दुवा चालत नाही, तो काही दिवसांनी मोडतो; नोंदीवर दिलेला स्थायी दुवाच घ्यावा. जिथे परवानगी आहे तिथे प्रत उतरवून दोन ठिकाणी ठेवली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाल्यावर तिची सूची कित्येक महिने नीट वापरता येत नव्हती, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ही काही दिवस बंद पडले होते. त्या दिवसांत ज्यांच्याकडे उतरवून घेतलेली प्रत नव्हती त्यांचे काम अडले.

छायाचित्रांच्या छपाईसाठी ड्रेक्सेलच्या संग्रहाला लेखी विनंती पाठवली आहे. त्यात वाचनालयाचे स्वरूप, फलकाचा आकार आणि श्रेयाचा नेमका मजकूर नमूद केला. तीन विद्यार्थिनींच्या छायाचित्राखाली आमची ओळ अशी राहील: ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या विद्यार्थिनी, १० ऑक्टोबर १८८५’.

कोल्हापूरला जाण्यासाठी पुराभिलेख कार्यालयाला द्यायचे पत्र तयार आहे. त्यात १८८६ आणि १८८७ या दोन वर्षांचे रुग्णालयविषयक ठराव, दिवाणांचा जावक पत्रव्यवहार आणि पगारपत्रके पाहण्याची परवानगी मागितली आहे. कार्यवाहांची सही झाली की उद्या टपालात टाकायचे.